पिल्लू खरंच अनाथ आहे का? रानपक्ष्याचं पिल्लू वाढवण्यामागचं शास्त्र

जमिनीवर एकटं बसलेलं पाखराचं पिल्लू दिसलं की हात आपोआप पुढे होतो. उचलावं, घरी न्यावं, चोचीत काहीतरी घालावं असं वाटणं साहजिक आहे. पण विणीच्या हंगामात पक्ष्यांच्या पुनर्वसन केंद्रांत येणारी पुष्कळशी पिल्लं अनाथ नसतातच. त्यांचे आई-बाप जवळच्याच फांदीवर चोचीत किडा धरून बसलेले असतात आणि माणूस कधी बाजूला होतो याची वाट बघत असतात. म्हणून पिल्लाला काय खायला घालायचं हा प्रश्न नंतरचा. आधी ते उचलायचं की नाही ते ठरवू.

जमिनीवर आहे म्हणजे पडलेलंच आहे असं नाही

पक्ष्यांची पिल्लं ढोबळमानाने दोन तऱ्हेची असतात. बदक, टिटवी, कोंबडी यांची पिल्लं अंड्यातून येतात तीच डोळे उघडे आणि अंगभर लव घेऊन. काही तासांत ती आईमागे पळायला लागतात आणि स्वतःच टिपून खातात. चिमणी, बुलबुल, मैना, कावळा यांची पिल्लं मात्र उघडी, आंधळी आणि पूर्ण परावलंबी असतात. त्यांचं सगळं बालपण घरट्यात जातं, पण ते फार थोडक्यात आटपतं. चिमणीचं पिल्लू जन्मतः तीनेक ग्रॅमचं असतं आणि साधारण दोन आठवड्यांत जवळपास आईएवढं होऊन घरटं सोडतं.

घरटं सोडतं, पण तेव्हा त्याला धड उडता येत नसतं. गैरसमजाचं मूळ इथे आहे. शेपूट आखूड, पंख अर्धे वाढलेले, डोक्यावर लव अजून उभी, आणि तरी ते बाहेर येतं. त्याला कारण आहे. चार-पाच पिल्लं एकाच जागी बसून दिवसभर ओरडत असतील तर साप किंवा मांजर तिथे कधी ना कधी पोचणारच आणि एका फेरीत सगळी संपणार. तीच पिल्लं चार झुडपांत विखुरली तर एखाद-दुसरं तरी वाचतं. त्यामुळे घरट्यातून लवकर बाहेर पडण्याची सवय निसर्गात टिकून राहिली. पुढचे काही दिवस, काही जातींत दोन-तीन आठवडे, आई-बाप अशा पिल्लांना जमिनीवर आणि झुडपांत शोधून शोधून चारा भरवतात. उडायला आणि खाणं शोधायला ती याच काळात शिकतात. आपण उचलतो ते नेमकं या शाळेतल्या पिल्लाला.

घुबडांचं आणखी वेगळं. त्यांची पिल्लं उडता येण्याच्या बरीच आधी घरटं सोडून फांद्यांवर चालत फिरतात. खाली पडलीच तर नखं आणि चोच वापरून, पंख फडफडवत खोडावरून परत वरही चढतात. कापसाच्या बोळ्यासारखं दिसणारं ते पिल्लू झाडाखाली सापडलं की लोकांना राहवत नाही, आणि जगभर कितीतरी घुबडांच्या पिल्लांचं असं मायेपोटी अपहरण होतं.

मग ओळखायचं कसं? पिल्लाच्या अंगावर पिसं असतील, ते पायांवर उभं राहत असेल, उड्या मारत असेल, बोट पुढे केलं तर घट्ट पकडत असेल, तर ते घरट्याबाहेर पडण्याच्या वयाचं आहे. त्याला तिथेच राहू द्या. रस्त्यावर किंवा मांजराच्या वाटेवर असेल तर काही पावलांवरच्या झुडपात ठेवा आणि निघून जा. अंग उघडं असेल किंवा पिसं अजून नळीत बंद असतील आणि ते पोटावरच पडून असेल, तर ते खरोखर घरट्यातून पडलेलं आहे. घरटं सापडत असेल तर ते परत घरट्यात ठेवणं हा सगळ्यात चांगला उपाय.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं अजूनही अनेकजण सांगतात. ते खरं नाही. पिल्लामागे अनेक दिवसांचे कष्ट घातलेले आई-बाप माणसाच्या वासाने त्याला सोडून जात नाहीत. पक्षीअभ्यासक पिल्लांना हातात घेऊन, पायात कडी घालून परत घरट्यात ठेवतात आणि चारा भरवणं चालूच राहतं. आई-बाप बिचकतात ते घरट्याजवळ रेंगाळणाऱ्या माणसाला.

घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली लहान टोपली किंवा डबा घ्या, आत कोरडं गवत घाला आणि मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत घट्ट बांधा. पिल्लू आत ठेवून लांब जा. शक्य तर खिडकीआडून तास-दोन तास बघा. किडे भरवणारे छोटे पक्षी दिवसाला काही शे फेऱ्या मारतात, त्यामुळे तेवढ्या वेळात कुणीतरी यायलाच हवं. कबुतराच्या पिल्लाला मात्र हा नियम लावू नका. कबुतरं दिवसातून मोजक्याच वेळा भरवतात आणि पिल्लं जरा मोठी झाली की एरवी घरट्याकडे फिरकतही नाहीत. तासभर कुणी आलं नाही म्हणून ते पिल्लू अनाथ ठरत नाही.

आई मेलेली डोळ्यांनी पाहिली तरी लगेच निष्कर्ष काढायला नको, कारण बऱ्याच जातींत बापही भरवतो. पिल्लू जखमी आहे, अंगाला मुंग्या लागल्या आहेत, माश्यांनी अंडी घातली आहेत, ते हाताला गार लागतंय आणि मान टाकून पडलंय, किंवा मांजराच्या तोंडातून सुटलंय, अशा वेळी मात्र उचलायलाच हवं. मांजराच्या बाबतीत तर वरून एकही ओरखडा दिसत नसला तरी उचला. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. दाताचं सुईएवढं भोकही त्यांना पुरतं, आणि प्रतिजैविक मिळालं नाही तर पिल्लू एक-दोन दिवसांत रक्तात जंतू पसरून मरतं. तिथे घरगुती उपाय चालत नाही, पशुवैद्यच लागतो.

घरी वाढवणं हा शेवटचा पर्याय का

एक कारण कायद्याचं. बहुतेक देशांत परवान्याशिवाय रानपक्षी बाळगायला बंदी आहे. अमेरिकेत १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांबाबतचा कायदा आहे, भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. पिल्लू उचलल्यावर वनखात्याला किंवा मान्यताप्राप्त केंद्राला लगेच कळवणं हा चांगुलपणाचा भाग झालाच, पण तो तुमच्या बचावाचाही आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. केंद्रात त्याच जातीची, त्याच वयाची आणखी पिल्लं असतात. घरात ती नसतात. यातून काय बिघडतं ते पुढे येईलच. तेव्हा इथून पुढचं सगळं केंद्र गाठेपर्यंतच्या काळासाठी आहे, किंवा जवळपास केंद्र नसल्याने जाणकाराला फोनवर विचारत विचारत पिल्लू सांभाळावं लागणाऱ्यांसाठी.

आधी ऊब

गार पडलेल्या पिल्लाला खायला घालणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि बहुतेकदा जीव घेणारी चूक. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सियस असतं, आपल्यापेक्षा बरंच जास्त. पण पिसं न फुटलेलं पिल्लू ते स्वतः राखू शकत नाही, आईच्या पोटाखालच्या उबेवर अवलंबून असतं. अंग गार पडलं की पचन थांबतं. मग भरवलेलं अन्न आत तसंच पडून आंबतं आणि मदत म्हणून दिलेला घास विष होतो.

म्हणून पिल्लू हाताला कोमट लागेपर्यंत काहीही भरवू नका. उघड्या अंगाच्या पिल्लाला भोवतालची हवा साधारण ३२ ते ३५ अंश लागते. पिसं फुटतील तसं तापमान उतरवत न्यायचं. हीटिंग पॅड किंवा फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, मान लांब करत असेल तर त्याला उकडतंय. आक्रसून गप्प पडलं असेल, भरवताना चोच उघडत नसेल तर थंडी वाजतेय.

खोक्यात एक खोलगट वाटी ठेवून तिला टिश्यू पेपरचं अस्तर लावा. पिल्लाचे पाय अंगाखाली दुमडलेले राहतील इतपत ती अरुंद हवी. सपाट, गुळगुळीत जागेवर ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि कोवळी हाडं त्याच स्थितीत घट्ट होत जातात. असं पिल्लू पुढे फांदीवर बसूच शकत नाही. टॉवेल किंवा लोकर नको, धाग्यांत नखं अडकतात. तारेचा पिंजरा तर मुळीच नको, तारांवर फडफडून पंखांची पिसं तुटतात. खोक्याला हवेसाठी भोकं, वर झाकण, आणि आजूबाजूला शांतता. आपल्याला आवाज आणि गर्दी म्हणजे सोबत वाटते, पिल्लाला तीच शिकाऱ्याची चाहूल वाटते.

हाताळतानाची एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. घट्ट मुठीत छाती दाबली तर नाक-तोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. आणि त्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे हवेतलं विष तो आपल्यापेक्षा फार जास्त शोषतो. न चिकटणारा लेप असलेलं भांडं गॅसवर जास्त तापलं तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षीही मरू शकतो. स्वयंपाकघर ही पिल्लू ठेवायची जागा नव्हे.

पाणी पाजू नका

ड्रॉपरने चोचीत पाणी सोडणं अगदी निरुपद्रवी वाटतं. पक्ष्याचं तोंड उघडून बघितलं तर जिभेच्या मागेच एक छोटी फट उघडझाप करताना दिसते. ती श्वासनळी. तिच्यावर आपल्या घशात असतं तसं झाकण नसतं. वरून सोडलेला थेंब सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. घरट्यातलं पिल्लू पाणी पितच नाही, त्याला हवं ते पाणी किड्यांच्या अंगातून मिळतं. त्यामुळे घास ओलसर ठेवला की पुरतं. त्वचा सुरकुतलेली आणि लालसर दिसत असेल, शीट होत नसेल, तर पिल्लातलं पाणी खूप कमी झालं आहे. अशा वेळी पशुवैद्य कातडीखाली सुईने द्रव देतात.

काय भरवायचं, हे कोण आहे त्यावर

दूध नको. पक्षी सस्तन नाहीत, दुधातली साखर पचवणारं विकर त्यांच्याकडे नसतं, त्यामुळे जुलाब होतात आणि आधीच कमी असलेलं पाणी आणखी जातं. पाव-बिस्किटंही नकोत, पोट भरतं पण पिल्लू वाढत नाही.

बरं, मग दाणे? चिमणी दाणे खाते, तेव्हा पिल्लालाही दाणेच, असा हिशेब आपण करतो. प्रत्यक्षात दाणे खाणारे बहुतेक छोटे पक्षी पिल्लांना अळ्या, नाकतोडे, कोळी असंच भरवतात. दोन आठवड्यांत आठ-नऊ पट वजन वाढवायचं आणि सगळी पिसं उगवायची तर प्रथिनं लागतात, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं केराटिन, म्हणजे प्रथिनच. दाण्यांत ते पुरेसं नसतं.

पण नुसत्या अळ्यांनीही भागत नाही. बाजारात मिळणाऱ्या मीलवर्म नावाच्या अळ्या किंवा रातकिडे घ्या, त्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. नुसत्या मांसात ही तफावत याहून मोठी असते. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवं, दीड ते दोन पट. ते अन्नातून मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. हाडं मऊ होतात, वाकतात, सहज मोडतात. वरून पिल्लू गुबगुबीत दिसत असतं, भूकही चांगली असते, आणि एक दिवस ते पायावर उभंच राहत नाही. म्हणून किड्यांवर कॅल्शियम कार्बोनेटची पूड लावतात, आणि ते कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं. घार, ससाणा, घुबड अशा शिकारी पक्ष्यांच्या पिल्लांना नुसते मांसाचे तुकडे देणं याच कारणाने घातक आहे. त्यांचे आई-बाप हाडं, कातडी, आतडी यांसकट सगळी शिकार भरवतात.

तातडीची सोय म्हणून किडे खाणाऱ्या पिल्लांना मांजराच्या पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य पाण्यात मऊ भिजवून, पाणी निथळून चिमूट-चिमूट देतात. यात प्रथिनं बऱ्यापैकी असतात. एक-दोन दिवस निभतात, महिना नाही.

कबुतराचा आणि होल्याचा मामला निराळाच. त्यांचे आई आणि बाप दोघंही गळ्याखालच्या अन्नपिशवीच्या अस्तरातून प्रथिनं आणि चरबीने भरलेला दह्यासारखा पदार्थ तयार करतात. पहिले काही दिवस पिल्लाला फक्त तोच मिळतो. फ्लेमिंगो आणि एम्परर पेंग्विन सोडले तर पक्ष्यांत असलं काही इतरत्र सापडत नाही. शिवाय कबुतराचं पिल्लू आ वासत नाही, ते आपली चोच आई-बापाच्या चोचीत खुपसतं. त्यामुळे चिमणीच्या पिल्लासारखं त्याला चिमट्याने भरवायला गेलात तर ते तोंड उघडणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की त्याला भूकच नाही. पिल्लाची जात ओळखणं इतकं महत्त्वाचं आहे ते यासाठी. दोन-तीन स्पष्ट फोटो काढून जाणकाराला दाखवणं हे पहिल्या तासातलं काम.

बदक किंवा टिटवीच्या पिल्लाला तुम्ही भरवायचं नसतंच. त्याला ऊब, उथळ ताटलीत पाणी, जमिनीवर पसरलेलं खाणं आणि शक्य तर त्याच्यासारखंच दुसरं पिल्लू हवं असतं. एकटं पडलेलं असं पिल्लू समोर खाणं असूनही हाय खाऊन मरतं. बदकाच्या पिल्लाला पोहायला खोल पाण्यात सोडू नका. त्याच्या पिसांची पाणी न भिजण्याची घडी आईच्या सहवासात नीट बसते. एकटं वाढणारं पिल्लू भिजतं आणि गारठतं.

पहाटेपासून अंधार पडेपर्यंत

उघड्या अंगाच्या छोट्या पिल्लाला दिवसभर दर वीस मिनिटांनी ते अर्ध्या तासाने भरवावं लागतं. पिसं आली की तासाभराने. रात्री नाही, कारण आई-बापही तेव्हा झोपलेले असतात. नोकरी सांभाळून हे होणार नाही, आणि तसं स्वतःशी आधीच कबूल करून पिल्लू केंद्राकडे दिलेलं बरं.

डोळे न उघडलेलं पिल्लू घरटं किंचित हललं तरी मान वर करून आ वासतं. आई-बाप काठावर उतरल्याची ती खूण असते. वाटीला हलकी टिचकी दिली तरी तेच होतं. चोचीच्या कडा पिवळ्या आणि घसा रंगीत असतो तो अंधाऱ्या घरट्यात भरवणाऱ्याला नेम दिसावा म्हणून. बोथट टोकाच्या चिमट्याने घास श्वासनळीच्या त्या फटीपलीकडे, घशात मागे ठेवायचा. पिल्लू तोंड उघडायचं थांबलं की आपणही थांबायचं. निरोगी पिल्लाची भूक भागली की ते आपणहून गप्प होतं. बळजबरीने चोच उघडून कोंबलं तर जबडा दुखावतो.

भरवल्यावर लगेच पिल्लू वळून पाठ वर करतं आणि पातळ पडद्यात बांधलेली शिटेची पांढरी पुडी बाहेर टाकतं. घरट्यात आई-बाप ती चोचीत उचलून लांब नेऊन टाकतात. या पुडीकडे नीट लक्ष ठेवा. ती घट्ट आणि नीट बांधलेली असेल तर पचन ठीक आहे. फुटकी, पाणचट, दुर्गंधी येणारी असेल तर खाण्यात किंवा उबेत चुकतंय.

रोज सकाळी, पहिल्या घासाआधी, ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर वजन घ्या. वाढत्या पिल्लाचं वजन एक दिवस जरी घटलं तरी तो इशारा आहे. यामागे एक बारीक गोष्ट आहे. घरट्यातल्या पिल्लाची पंखांची आणि शेपटीची सगळी पिसं एकाच वेळी वाढत असतात. एखादा दिवस उपास घडला, आजार आला किंवा फार भेदरलं तर त्या दिवशी वाढलेला पट्टा सगळ्याच पिसांवर फिकट आणि कमजोर राहतो. पीस नंतर नेमकं त्या रेषेवर तुटतं. तुटलेलं पीस दुरुस्त होत नाही, पुढच्या पिसं गळण्याच्या हंगामापर्यंत काही महिने पक्ष्याला त्याच पंखांवर काढावे लागतात. तुमचा एक दुर्लक्षित दिवस त्याच्या पंखांवर असा नोंदला जातो.

भरवण्याआधी आणि नंतर हात धुवा. पक्ष्यांकडून माणसाला साल्मोनेला आणि सिटॅकोसिससारखे आजार येऊ शकतात. एच५एन१ या पक्षी-फ्लूची साथ असेल आणि पक्षी झोकांड्या खात असेल किंवा एकाच जागी अनेक मेलेले दिसत असतील, तर हात न लावता खात्याला कळवा. घरी कोंबड्या किंवा पिंजऱ्यातले पक्षी असतील तर पिल्लू त्यांच्यापासून वेगळ्या खोलीत ठेवा.

लळा

इथवरचं सगळं एखादा मेहनती माणूस शिकू शकतो. खरी अडचण पोट भरल्यानंतर सुरू होते.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी १९३५ साली राखी हंसांच्या पिल्लांवरचं आपलं निरीक्षण मांडलं. अंड्यातून बाहेर आल्यावर ही पिल्लं पहिल्यांदा जे हलतं-बोलतं दिसतं त्यालाच आई मानतात. लॉरेन्झ यांच्या मागे हंसाची पिल्लं रांगेने चालायची. प्राण्यांच्या वागणुकीवरच्या या आणि अशा कामासाठी त्यांना १९७३ चं नोबेल विभागून मिळालं. लोकांना ती रांग गोड वाटते. तिची दुसरी बाजू टेक्स नावाच्या हूपिंग क्रेन या क्रौंचाच्या जातीतल्या मादीच्या गोष्टीत दिसते. ती १९६७ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ प्राणिसंग्रहालयात जन्मली आणि माणसांच्या हातावर वाढली. ही जात तेव्हा नामशेष व्हायच्या बेतात होती, एकेक अंडं मोलाचं, पण टेक्सला नर क्रौंच जोडीदार वाटतच नव्हते, तिला माणूस हवा होता. शेवटी जॉर्ज आर्चिबाल्ड हे पक्षीतज्ज्ञ १९७६ पासून तिच्याबरोबर विणीच्या हंगामात राहिले, तिच्यासमोर क्रौंचांसारखे नाचले, आणि कृत्रिम रेतनाच्या जोडीने १९८२ मध्ये तिचं एक पिल्लू जगलं. एका तज्ज्ञाची कित्येक वर्षं खर्ची पडली ती बालपणीचा तो लळा निस्तरण्यात.

त्यामुळेच कॅलिफोर्निया कॉन्डोर हे प्रचंड गिधाड वाचवताना पिल्लांना कॉन्डोरच्या डोक्यासारखे हातमोजे घालून भरवलं गेलं. १९८७ मध्ये शेवटचा मुक्त कॉन्डोर पकडला तेव्हा जगात मिळून २७ उरले होते. तरीही सुरुवातीला सोडलेल्यांपैकी काही माणसांच्या वस्तीत येऊन बसायचे, विजेच्या तारांवर जायचे. हातमोज्याच्या बाहुलीने घास भरवता येतो, पण मोठ्या पक्ष्याने पिल्लाला दटावणं तिला जमत नाही. पुढे पिल्लांच्या सोबतीला वयस्क कॉन्डोर ठेवायला लागले.

गाण्याचंही तसंच. विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांचं गाणं कानावर पडू न देता वाढवली. ती गायली, पण मोडकं-तोडकं. अनेक गाणाऱ्या पक्ष्यांना लहानपणी ठरावीक काळातच आपल्या जातीचं गाणं ऐकावं लागतं, ते दिवस गेले की पुढे नीट शिकता येत नाही. आणि नराला गाता आलं नाही तर हद्द राखता येत नाही, मादीही मिळत नाही.

सगळ्या जाती सारख्या नसतात. चिमणीसारखी पिल्लं भावंडांसोबत वाढली तर स्वतः खायला लागताच माणसाला घाबरायला लागतात. कावळे, घुबडं, शिकारी पक्षी आणि बदकं-हंस यांना मात्र लळा लवकर लागतो आणि तो सुटत नाही. म्हणून पिल्लाशी बोलू नका, कुरवाळू नका, खांद्यावर बसवून फोटो काढू नका. भरवून झालं की खोका झाका. कुत्र्या-मांजराशी मैत्री झालेलं पिल्लू बाहेर गेल्यावर पुढच्या मांजराकडेही आपणहून जाईल. ज्या दिवशी पिल्लू तुम्हाला बघून कोपऱ्यात पळतं, चोच मारतं, तो चांगला दिवस.

सोडायचं कधी, कसं

उडता आलं म्हणजे झालं असं नाही. पिल्लू आधी मोठ्या, जाळीदार, उघड्या हवेतल्या पिंजऱ्यात असायला हवं, जिथे ऊन, वारा, पाऊस लागेल आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दम न लागता अनेक फेऱ्या मारता येतील. भिजल्यावर पाणी पिसांवरून ओघळायला हवं. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याइतकं वजन हवं. आणि वाटीतलं खाणं पुरेसं नाही, पानाखाली लपलेला जिवंत किडा त्याने शोधून मारायला हवा. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत ही परीक्षा टाळून चालतच नाही.

पाकोळीसारखे काही पक्षी अपवाद आहेत. पाकोळीचं पिल्लू सुमारे सहा आठवडे घरट्यात राहतं, पंखांवर जोर देऊन अंग उचलण्याचा व्यायाम करतं, आणि एकदा झेपावलं की आई-बाप त्याला पुढे काही भरवत नाहीत. सरावाची उडी नसते, मधला मुक्काम नसतो. म्हणून पाकोळी सोडताना पंख पूर्ण वाढलेले आणि वजन पुरेसं भरलेलं असलंच पाहिजे.

बाकीच्यांना हळूहळू सोडणं चांगलं. पिंजरा त्याच जातीचे पक्षी वावरतात अशा जागी काही दिवस ठेवायचा, म्हणजे तिथले आवाज, दिशा, इतर पक्षी ओळखीचे होतात. मग एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी दार उघडं ठेवायचं, म्हणजे जागा शोधायला सबंध दिवस हाताशी राहतो. नेहमीचं खाणं तिथेच ठेवत राहायचं, आठवडा-दोन आठवडे, आणि कमी करत जायचं. स्थलांतर करणारी जात असेल तर तिचे साथीदार निघून जाण्याआधी सोडायला हवं, नाहीतर पुढच्या मोसमापर्यंत ठेवावं लागेल.

मोडलेला पंख वाकडा जुळला, एक डोळा गेला किंवा माणसाचा लळा सुटतच नाही, असा पक्षी बाहेर टिकणार नाही. त्याचा निर्णय घरी घ्यायचा नसतो. काही केंद्रं अशा पक्ष्यांना त्याच जातीच्या अनाथ पिल्लांचे पालक म्हणून ठेवतात, काहींना वेदना न होता मरण देणं जास्त दयेचं ठरतं, आणि हे पशुवैद्याने ठरवावं.

सोडल्यानंतरची पहिली संध्याकाळ बघा. पक्षी पिसं फुगवून जमिनीवर बसून राहिला असेल, जवळ गेलं तरी हलत नसेल, तर अंधार पडायच्या आत परत घ्या, वजन करा आणि आणखी काही दिवस मोठ्या पिंजऱ्यात ठेवा. उंच फांदीवर असेल आणि हाकेला येत नसेल, तर वाटी भरून ठेवा आणि आत जा.